‘द फिट्स’ : मुलींच्या अंगाने उभा राहिलेला सिनेमा

सिनेमा सुरू होतो तेव्हा टोनी सिट-अप्स काढत असते. तोंडाने मोजणी चालू, श्वास जड. दर खेपेला तिचा चेहरा खालून वर येतो, थेट आपल्याकडे बघतो आणि पुन्हा चौकटीबाहेर जातो. वय वर्षं ११. हसू नाही, लाडिकपणा नाही, बघणाऱ्याला आवडून घेण्याची धडपड नाही. अमेरिकी पडद्यावर या वयाच्या कृष्णवर्णीय मुलीकडे इतका वेळ, इतक्या शांतपणे आणि कुठलीही कीव न करता बघणारे सिनेमे फार थोडे आहेत.

‘द फिट्स’ची लांबी ७२ मिनिटं. कथा दोन ओळींत सांगून होते. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात एक सामुदायिक केंद्र आहे. तिथे टोनी मोठ्या भावाबरोबर, जर्मेनबरोबर, बॉक्सिंगचा सराव करते. शेजारच्या हॉलमध्ये मुलींचा नाचाचा संघ घाम गाळत असतो. टोनी दाराच्या काचेतून त्यांना बघते, आणि एक दिवस त्यांच्यात जाऊन उभी राहते. मग संघातल्या मुलींना एकेक करून फिट यायला लागते. का, ते कुणालाच कळत नाही.

या सिनेमाबद्दल समीक्षा म्हणून भरपूर लिहिलं गेलंय. मला तो एक प्रकरण म्हणून उलगडून बघायचा आहे. कारण कागदावर ही मांडणी फसण्याचीच शक्यता जास्त होती. दिग्दर्शिका अ‍ॅना रोझ होल्मर गोऱ्या, हा त्यांचा पहिला कथापट, शहर परकं, पैसा मोजका, मुदत बांधलेली आणि पडद्यावर मुख्यतः कधीच अभिनय न केलेल्या मुली. इतकं सगळं विरोधात असताना हा सिनेमा त्या मुलींचा वाटतो, आणि माझ्या मते त्याचं मोठं श्रेय काम करण्याच्या पद्धतीला आहे. कुठला निर्णय कुणाच्या हातात दिला, यावर इथे सगळं ठरलं.

दीड लाख युरो आणि एक वर्ष

पैसे आले व्हेनिसहून. तिथल्या बिएनाले या संस्थेने २०१२ साली ‘बिएनाले कॉलेज – सिनेमा’ नावाचा उपक्रम सुरू केला. तेव्हाची पद्धत अशी : जगभरातून अर्ज यायचे, दिग्दर्शक आणि निर्माता अशा १२ जोड्या कार्यशाळेसाठी निवडल्या जायच्या, आणि त्यातल्या तीन सिनेमांना प्रत्येकी दीड लाख युरो मिळायचे. अट एकच, पण कडक : पुढच्या व्हेनिस महोत्सवात सिनेमा तयार पाहिजे असायचा. आपल्याकडे शुभाशीष भूतियानींचा ‘मुक्ती भवन’ याच वाटेने २०१६ साली व्हेनिसला पोचला. ‘द फिट्स’ त्याच्या आदल्या वर्षीचा.

दीड लाख युरो म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण एक कोटी रुपये. अमेरिकेत एवढ्यात पूर्ण लांबीचा कथापट करायचा, तोही लहान मुलांना घेऊन. तिथे मुलांनी सेटवर किती तास काम करायचं यावर कायद्याची बंधनं असतात. म्हणजे दिवस मोजका आणि प्रत्येक चुकीची किंमत मोठी.

अशा वेळी बहुतेक जण कथा छाटतात. इथे कथा आधीच एका इमारतीत मावेल अशी बांधली गेली होती. ती रचली तिघींनी मिळून : होल्मर, निर्मात्या लिसा केरल्फ आणि संकलक सेला डेव्हिस. डेव्हिस स्वतः कृष्णवर्णीय. संकलक कथा रचतानाच सोबत बसलेली असणं हे आपल्याकडेच काय, तिकडेही विरळाच. सहसा संकलकाच्या टेबलावर येतं ते झालेलं चित्रण, मग त्यातून वाट काढायची. इथे कुठला प्रसंग बोलून दाखवायचा आणि कुठला निव्वळ शरीराच्या हालचालींवर सोडून द्यायचा, हे कॅमेरा सुरू होण्याआधीच डोक्यात होतं. म्हणून संवाद इतके कमी असूनही कुठे काही राहून गेल्यासारखं वाटत नाही.

संघच्या संघ

होल्मर त्याआधी बॅलेवरच्या एका माहितीपटाच्या निर्मात्या होत्या, त्यामुळे नाचणाऱ्या शरीराबद्दलचं कुतूहल जुनं होतं. सामूहिक उन्मादाच्या इतिहासाने त्यांना धरून ठेवलं होतं. नाच कुठला, हे मात्र ठरत नव्हतं. यूट्यूबवर शोधता शोधता त्यांना सिनसिनाटीच्या वेस्ट एंड भागातला ‘क्यू-किड्झ’ हा संघ सापडला. मार्क्विशिया जोन्स-वुड्स यांनी उभा केलेला हा संघ. मुली त्यांना मिस क्विसी म्हणतात.

त्यांचा नाच म्हणजे ड्रिल. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या बँडपुढे नाचणाऱ्या मुलींची जी परंपरा आहे, तिच्याशी त्याचं जवळचं नातं. त्यातला सगळ्यात रंगतदार प्रकार म्हणजे स्टँड बॅटल. दोन संघ समोरासमोर उभे राहतात. एका संघाची कप्तान आठाच्या मोजणीत एक बोल टाकते, मागची रांग तो उचलते, आणि समोरच्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. हात कापल्यासारखे तुटक, मान झटकलेली, चेहऱ्यावर आव्हान. हे बघितलं की बॉक्सिंगचं रिंगण आणि नाचाचा हॉल एकाच इमारतीत का आणले, ते वेगळं सांगावं लागत नाही. ठोसा आणि प्रतिठोसा दोन्हीकडे आहेच.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथला. शहरोशहरी ऑडिशन घेऊन चुणचुणीत चेहरे गोळा करायचे आणि त्यांना ड्रिल शिकवायचं, हा रूढ रस्ता सोडून त्यांनी संघच्या संघ घेतला. नाचाची रचनाही संघातच घडलेल्या मराया आणि चराया जोन्स यांच्याकडे सोपवली. टोनीची भूमिका करणारी रॉयल्टी हायटॉवर याच संघातली, आणि मैत्रीण बीझी झालेली अलेक्सिस नेब्लेटही. संहितेतले संवाद मुलींनी वाचले, ‘आम्ही असं बोलत नाही’ असं जिथे वाटलं तिथे बदलले.

याचा फायदा पडद्यावर कुठे दिसतो? मार्गिकेत. सराव सुटला की दारं धाडकन उघडतात, मुलींचा लोंढा बाहेर येतो आणि टोनी भिंतीला चिकटून उभी राहते. कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकते, कोण कुणाची खोडी काढून पळते, कुणापुढे कोण गप्प होते, हे वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळलेल्या मुलींनाच जमतं. कितीही तालमी घेतल्या तरी परक्या मुलींमध्ये ही सलगी येत नाही. कॅमेऱ्याने फक्त जागा धरून उभं राहायचं होतं, आणि छायाचित्रकार पॉल यी यांनी ते केलंय.

रॉयल्टीपुढचं काम मात्र उलटं होतं. मुळात ती तयारीची नर्तिका. सिनेमात तिला नाच न येणारी मुलगी व्हायचं होतं. ताल चुकवायचा, हात उशिरा उचलायचा, कडक खांद्यांनी उभं राहायचं, आणि सोबत बॉक्सिंग नव्याने शिकायचं. येत असलेली गोष्ट अंगातून काढून टाकणं किती अवघड असतं, हे कुठल्याही कलेत मुरलेल्या माणसाला विचारावं. हे पेललं तेव्हा ती दहाच्या आसपासची होती.

महामार्गावरच्या पादचारी पुलावर टोनी एकटीच सरावाला जाते, तो प्रसंग मी परत परत बघितला आहे. दोन्ही बाजूंना जाळी. ती संघाच्या हालचाली आठवून आठवून करते, आधी मोडक्यातोडक्या. खांदे बॉक्सरचेच राहतात, हात नाचणारीचा व्हायला बघतो. मग कुठेतरी ठोसाच नाचाच्या मोजणीत बसतो. तिने बॉक्सिंग टाकलं नाही आणि नाचही उसना घेतला नाही. दोन्ही एकाच अंगात येऊन मिळतात, आणि पहिल्यांदाच तिचं शरीर मोकळं होतं.

वेस्ट एंडचा इतिहास ठाऊक असेल तर तो महामार्ग नुसता महामार्ग राहत नाही. सिनसिनाटीतली ही जुनी कृष्णवर्णीय वस्ती. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिचा खालचा भाग ‘शहर-नूतनीकरणा’च्या नावाखाली पाडला गेला, आंतरराज्य महामार्ग ७५ त्याच पट्ट्यातून गेला आणि २५ हजारांहून जास्त माणसं उठवली गेली. सिनेमा याबद्दल एक शब्द बोलत नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. पण ज्या वस्तीची घरं गेली, तिथे सामुदायिक केंद्र ही मुलींची हक्काची जागा असणं याला वजन आहे.

फिट कुणाची

पहिली कोसळते ती संघाची कप्तान, जिला सगळे लेग्ज म्हणतात. मग दुसरी मोठी मुलगी, करिझ्मा. मग एकेक करून वय खाली खाली येत जातं. मुलग्यांना काही होत नाही. पाण्यावर संशय जातो, तपासण्या होतात, मुली एकमेकींची फिट मोबाइलवर चित्रित करून बघत बसतात. हळूहळू भीतीची जागा उत्सुकता घेते. ज्यांना येऊन गेली त्या एकीकडे, ज्यांना आली नाही त्या दुसरीकडे. ‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, जणू शाळेतल्या मोठ्या मुलींकडून कानावर येणारी एखादी गुप्त बातमी.

या फिट रचल्या कशा गेल्या, त्यात प्रकरणाचा गाभा आहे. हालचालींसाठी सीलिया रोलसन-हॉल या नृत्यदिग्दर्शिका सल्लागार होत्या, पण कुणालाही ‘अशी थरथर’ म्हणून एक साचा दिला गेला नाही. प्रत्येकीने आपली फिट स्वतः शोधली. त्यामुळे दोन फिट सारख्या नाहीत. कुणाची मान मागे जाते, कुणाचे हात हवेत काहीतरी चाचपतात, कुणाचा श्वासच आधी बिघडतो. बघताना प्रत्येक मुलगी आपल्याला वेगळी कळते, आणि तेही ती शुद्धीत नसताना.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. १५१८ साली स्ट्रासबुर्ग शहरात लोक दिवसचे दिवस न थांबता नाचत राहिल्याच्या नोंदी आहेत. अलीकडचं म्हणाल तर २०११च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या लेरॉय या गावी शाळकरी मुलींना अचानक झटके आणि आचके यायला लागले. तिथेही माती-पाण्यातल्या विषाचा शोध घेतला गेला आणि शेवटी डॉक्टरांनी सामूहिक मानसिक ताणाकडे बोट दाखवलं. ‘द फिट्स’ मात्र निदान करत नाही. शिवाय जानेवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, त्याच दिवसांत मिशिगनमधल्या फ्लिंट या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहरात शिसं मिसळलेल्या पाण्यामुळे आणीबाणी जाहीर झाली होती. नळाच्या पाण्याबद्दलची सिनेमातली ती शंका तेव्हाच्या प्रेक्षकाला निव्वळ कल्पना वाटली नसणार.

मराठी प्रेक्षकाला इथे अंगात येणं आठवेल. जत्रेत एकीच्या अंगात आलं की शेजारची घुमायला लागते, तो संसर्ग आपण पाहिलेला असतो. पण साम्य तिथेच थांबतं. अंगात येण्याला आपल्याकडे देव असतो, हळद-कुंकू असतं, काय विचारायचं आणि कुणी विचारायचं हे ठरलेलं असतं. या मुलींपाशी असं काहीच नाही. जे होतंय त्याला नाव देणारं मोठं माणूस नाही. त्या आपापसातच त्याचा अर्थ लावतात.

मोठी माणसं चौकटीबाहेर

आणि हे मुद्दाम आहे. प्रशिक्षक, डॉक्टर, वार्ताहर, सगळे एकतर चौकटीबाहेर असतात, नाहीतर धूसर. घर जवळजवळ दिसतच नाही. बंदूक नाही, पोलीस नाहीत, अमली पदार्थ नाहीत, मुलीला ‘वाचवायला’ आलेली दयाळू शिक्षिका नाही. कृष्णवर्णीय वस्तीतल्या सिनेमाकडून प्रेक्षक ज्या गोष्टींची वाट बघतो, त्या सगळ्या गाळल्यावर उरते मैत्री, हेवा, पोशाखावरची नवी चमचमती टिकली, रिकाम्या इमारतीत रात्री केलेला दंगा.

जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा शाखेने २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की, अमेरिकेतली प्रौढ माणसं कृष्णवर्णीय मुलींना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त ‘मोठ्या’ समजतात, आणि हे वयाच्या पाचव्या वर्षापासूनच सुरू होतं. म्हणजे यांना जपायची गरज कमी, समजुतीची गरज कमी, शिक्षा मात्र पूर्ण. हे डोक्यात ठेवून ‘द फिट्स’ बघितला की ११ वर्षांच्या मुलीला ११ वर्षांचीच राहू देणं केवढं काम आहे ते जाणवतं. टोनी वयात येते आहे, पण कॅमेरा तिचं शरीर बाईचं म्हणून एकदाही न्याहाळत नाही. दंडाचे स्नायू, कपाळावरचा घाम, ओठ घट्ट मिटणं, एवढंच तो बघतो.

मधल्या काळात ती मोठ्या मुलींसारखं व्हायचा प्रयत्न करते. तिचे कान टोचले जातात, मग कान चिघळतो आणि टोनी कानातलं काढून टाकते. नखांवरचा चमचमता रंग ती खरवडून काढते. अंगावर चिकटवलेलं खोटं गोंदणही सोलून टाकते. बाहेरून लावलेलं एकही टिकत नाही. शेवटी तिला फिट येते तेव्हा ती मार्गिकेतून चालत असते आणि तिचे पाय जमिनीवरून सुटतात. अधांतरी चालते. पाठोपाठ निळ्या चमकत्या पोशाखातला सगळा संघ दिसतो, हॉलमध्ये, पुलावर, रिंगणात, आणि त्यात टोनीही.

हा विजय की शरणागती, यावर मतं दोन आहेत. ती मोकळी झाली असं काहींना वाटतं, शेवटी चारचौघींसारखीच झाली असंही काहींना वाटतं. माझं मन दुसऱ्या बाजूला जरा जास्त झुकतं. संघात शिरायची किंमत म्हणून शरीराचा ताबा सोडावा लागणं ही आनंदाची गोष्ट नाही, आणि सिनेमाचं संगीतही, डॅनी बेन्सी व साँडर जुरिआन्स यांचे ते घुसमटलेले, चिरकणारे सूर, आपल्याला निर्धास्त होऊ देत नाही. पण पुलावर तिला जे सापडलं होतं ते शेवटच्या नाचातही तिच्या खांद्यांत दिसतं, म्हणून पूर्ण शरणागती म्हणवत नाही.

जे खटकतं ते

आता न टाळता येणारा प्रश्न. कृष्णवर्णीय मुलींचा सिनेमा गोऱ्या दिग्दर्शिकेने का करावा? २०१४ साली फ्रान्समध्ये गोऱ्या दिग्दर्शिका सेलीन सियामा यांनाही कृष्णवर्णीय मुलींवरच्या ‘गर्लहूड’मुळे हाच प्रश्न झेलावा लागला होता. होल्मर यांची पद्धत प्रामाणिक होती म्हणून प्रश्न मिटत नाही, कारण तो एका व्यक्तीच्या सचोटीबद्दल नाही. संधी कुणाला मिळते याबद्दल आहे. लेस्ली हॅरिस या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने ब्रुकलिनमधल्या एका शाळकरी मुलीवर १७ दिवसांत सिनेमा चित्रित केला, १९९३ साली सनडान्समध्ये त्याला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांचा दुसरा कथापट पडद्यावर आला नाही. डी रीस या दुसऱ्या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेला २०११चा ‘परायह’ पाच लाख डॉलरच्या आत करावा लागला. दारं कुणासाठी किती उघडतात, हे या दोन नावांवरून दिसतं.

दुसरी गोष्ट श्रेयाची. पटकथा होल्मर यांची, कथा तिघींची, नृत्यरचना जोन्स भगिनींची, असं श्रेयनामावलीत आहे. पण संवाद मुलींनी घडवले, फिट मुलींनी रचल्या, आणि सिनेमाचं नावच त्या फिटवरून आहे. हे लेखनच आहे, अंगाने केलेलं. तरी लेखकांच्या यादीत त्या मुली नाहीत. सिनेसृष्टीचे नियम असेच आहेत हे खरं, आणि नियमांपेक्षा हा चमू खूप पुढे गेला हेही खरं. तरी इतकं दिल्यावर ही एक ओळही द्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे काय झालं

सप्टेंबर २०१५ मध्ये व्हेनिस, मग सनडान्स, आणि जून २०१६ मध्ये ऑसिलोस्कोप या छोट्या वितरण कंपनीमार्फत अमेरिकेत प्रदर्शन. तिकीटबारीवर दोन लाख डॉलरच्या आतच गल्ला जमला. समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतलं. रॉयल्टी हायटॉवरला गॉथम पुरस्कारांत नवोदित कलाकारांमध्ये नामांकन मिळालं, ते लिली ग्लॅडस्टोन, सॅशा लेन आणि अन्या टेलर-जॉय यांच्या बरोबरीने. २०१७च्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत सिनेमाला पहिल्या कथापटासाठीचं नामांकन होतं, आणि आश्वासक दिग्दर्शकासाठीचा ‘समवन टू वॉच’ पुरस्कार होल्मर यांनी जिंकला.

त्यानंतरचा कथापट यायला २०२२ उजाडलं. ‘गॉड्स क्रीचर्स’, आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावात घडणारा, एमिली वॉटसन आणि पॉल मेस्कल यांचा. फ्रान्सच्या कान महोत्सवात तो दाखवला गेला तेव्हा दिग्दर्शनाच्या श्रेयात दोन नावं होती : सेला डेव्हिस आणि अ‍ॅना रोझ होल्मर.